मुदत

शुक्रवारी दुपारी सोहारमध्ये
सावलीसुद्धा भिंतीला पाठ टेकून बसते, तेव्हा
कैरवी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर
परग्रहावरचे जीव जन्माला घालते.
पट्टीने आखलेला तक्ता:
नाव, ग्रह, खाणं, आयुष्य.

पहिला झिरमुट. खातो वाफ.
जगतो पावणेचार तास.
"बाबा, मग ह्याची बालवाडी किती मिनिटांची?"
बंदरावर क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर
दुसऱ्यांच्या मालाचं वजन वाचणारा मी,
एवढं मला जमतं.
"सहा मिनिटं."
"आणि नोकरी?"
"दीड तासाच्या थोडी वर."
ती लिहून घेते. मग स्वतःच जोडते:
उरलेल्या वेळात वाफ.

दुसरा ढोंबा. नऊ हजार वर्षं.
दात आठशेव्या वर्षी येतात,
शिंकायला तोंड उघडतो आणि मिटतो,
तेवढ्यात आपल्या तीन पिढ्या होऊन जातात.
"त्याला आपण दिसतच नाही," ती म्हणते,
"त्याला वाटतं, इथे कुणी राहतच नाही."

हे वाक्य मी ऐकून सोडून द्यायला हवं होतं.

तिसरी उल्वी.
कुणी नावाने हाक मारली
की एका वर्षाने म्हातारी होते.
म्हणून त्यांच्या घरात कुणी कुणाचं नाव घेत नाही,
नुसतं अगं, अहो, ऐकलंत का.
स्वयंपाकघरातून हिचा आवाज येतो,
"अहो, चहा टाकू का?"
आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो.
हिला कळत नाही का. तरुणच आहे ती, त्या हिशेबाने.

मग शेवटची ओळ. माणूस. पृथ्वी.
खाणं: पोळी, भात, खमीसकाकांनी दिलेला हलवा.
आयुष्य:
इथे पेन्सिल थांबते.
ती उठते, माझ्या पाकिटातून बताका काढते,
मागेपुढे करून तारखा वाचते, बोटं मोजते,
आणि सुवाच्य अक्षरात लिहिते,
दोन वर्षं.

"अगं, ती कार्डाची मुदत. माणूस सत्तर, ऐंशी."
"मग हे संपलं की?"
"वाढवून देतात."
"कोण?"
"कंपनी."
"अकरा वेळा वाढवलं ना तुमचं?"
"अकरा."
"आणि बाराव्यांदा विसरले तर?"

डोर्लेकर आठवतो. रिगर, वेंगुर्ल्याचा,
शर्टाचं गळ्याचं बटणही लावणारा.
मार्चमध्ये रात्रपाळीत गेला.
शिक्क्यांसाठी एकोणीस दिवस शवागारात,
आणि लॉकरमध्ये त्याचा बताका,
वैध, नोव्हेंबरपर्यंत.
मीच नेऊन दिला तो ऑफिसात.
कारकुनाने कात्रीने त्याचा एक कोपरा उडवला,
फोटोतला डोर्लेकर तसाच समोर बघत,
पुढचे आठ महिने
इथला कायदेशीर रहिवासी.

हे मी तिला सांगत नाही.
चहा येतो. साय मी बोटाने बाजूला करतो.

कैरवी खोडरबर घेते, फुंकर मारते,
पुन्हा लिहिते:
माणूस. दोन वर्षं, परत दोन वर्षं, परत दोन वर्षं,
चौकट संपते तशी समासात,
समास संपतो तशी खाली वळून,
ढोंब्याच्या अंगणातून.
मध्ये मध्ये छोटे ढग काढते.
"हे काय?"
"सुट्टी. एक-एक महिना. तेव्हा तुम्ही मोजू नका."

बाहेर असरची बांग.
एसीच्या पाइपमधून थेंब पडतायत बादलीत,
वाफ असती तर कुणाचं पोट भरलं असतं.
चार वाजले. माझी बस पहाटे साडेचारला.
तोवर तीन झिरमुट
जन्मून, शिकून, म्हातारे होऊन जातील.
चौथा नुकताच नोकरीला लागलेला असेल.